भल्या लेकरांचा बाप : संत जोसेफ कोत्तोलेंगो

ज्युबिलीच्या स्मरणिकेत एखाद्या संताचे चरित्र असावे, हा आपल्याकडील जुना प्रघात आहे. आणि ते लिहिण्याचे काम बहुधा धर्मगुरूच्याच पदरी पडते. या खेपेस आम्ही जे संत निवडले आहेत त्यांचे नाव परळ-लालबागच्या फार थोड्या घरांतून ऐकू येते. माटुंग्यामुळे डॉन बॉस्को आपल्या मुलाबाळांस ठाऊक आहेत. परंतु तुरीन शहराच्या ज्या वाल्दोक्को भागात डॉन बॉस्कोंनी १८४६ साली आपले कार्य स्थिर केले, त्याच भागात त्यांच्या आधी चौदा वर्षे दुसरे एक धर्मगुरू येऊन राहिले होते, ही गोष्ट पुष्कळांच्या कानी आलेली नसते. या दोघा शेजाऱ्यांस पोप अकरावे पायस यांनी १९३४ साली, अवघ्या दोन आठवड्यांच्या अंतराने, संतपद दिले. त्या दुसऱ्या शेजाऱ्यांचे नाव जोसेफ बेनेडिक्ट कोत्तोलेंगो. त्यांची निवड आम्ही का केली, ते पुढे यथास्थळी सांगू. कारण तीत आमच्या एका जुन्या चुकीचा संबंध आहे.

उत्तर इटलीतील पिएमोंत प्रांतात ब्रा नावाचे गाव आहे. तेथे ३ मे १७८६ रोजी कोत्तोलेंगो यांचा जन्म झाला. बारा भावंडांत ते वडील होते. त्यांच्या विद्यार्थिदशेत त्या प्रांतावर फ्रेंचांचा अंमल बसला आणि गुरुविद्यालयांच्या शिक्षणक्रमात व्यत्यय आला. तथापि नेट धरून त्यांनी अभ्यास पुरा केला आणि ८ जून १८११ रोजी त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढे तुरीन येथे ईश्वरविद्येतील पंडितपदवी मिळवून १८१८ साली ते तेथील कॉर्पस दोमिनी मंदिराच्या धर्मगुरुमंडळात दाखल झाले. जागा मानाची होती, जेवणाखाण्याची ददात नव्हती, उपदेश ऐकावयास सुशिक्षित मंडळी येत असे. गरिबांस दानधर्म करण्यातही ते मागे नव्हते. असे असूनही त्यांचे चित्त स्वस्थ नसे. आपल्या हातून देवाने जे काम अपेक्षिले ते हे नव्हे, अशी रुखरुख त्यांच्या मनास लागून राहिली. वयाची चाळिशी उलटली तरी ते काम कोणते, हे त्यांस उमगेना. मंडळाच्या वरिष्ठांनी संत व्हिन्सेंट दि पॉल यांचे चरित्र त्यांच्या हाती दिले. ते त्यांनी मन लावून वाचले. वाचनाने रुखरुख कमी न होता वाढलीच.

रविवार, २ सप्टेंबर १८२७ हा त्यांच्या आयुष्यातील निर्णायक दिवस ठरला. मिलानहून लिओंकडे निघालेले एक फ्रेंच कुटुंब त्या दिवशी तुरीन येथे अडकून पडले होते. नवरा, लहान मुले आणि जान मारी गोने नावाची पस्तीस वर्षांची गर्भवती पत्नी. तिला कडक ताप भरला होता. मोठ्या इस्पितळात तिला नेले, तेथे गर्भवती स्त्रियांस घेण्याचा नियम नव्हता. प्रसूतिगृहात नेले, तेथे तापाच्या रोग्यांस घेण्याचा नियम नव्हता. दोन्ही नियम आपापल्या जागी समंजस होते. या दोन समंजस नियमांच्या मधल्या फटीत ती बाई सापडली आणि एका हलक्या निवाऱ्याच्या जागी, मुलांच्या डोळ्यांदेखत मरण पावली. अंतकाळचे संस्कार देण्यास कोत्तोलेंगो यांस बोलावणे गेले होते. संस्कार उरकून ते आपल्या मंदिरात परतले, पवित्र मरियेच्या वेदीसमोर बराच वेळ गुडघे टेकून राहिले, आणि मग त्यांनी घंटा वाजवून लोकांस प्रार्थनेस बोलाविले. पाहणाऱ्यांस त्यांच्या मुखावरील पालट स्पष्ट दिसला, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. काम कोणते, या प्रश्नाचा निकाल लागला होता. ज्यास कोणत्याही दारात घेत नाहीत, त्याच्यासाठी एक दार उघडावयाचे.

१७ जानेवारी १८२८ रोजी मंदिरासमोरच्या व्होल्ता रोस्सा नावाच्या घरात भाड्याने खोल्या घेऊन त्यांनी थोड्या खाटा मांडल्या. डॉक्टर ग्रानेत्ती, औषधविक्रेते आंग्लेसिओ व मारिआन्ना नासी नावाची एक विधवा अशी मंडळी मदतीस आली. या बाईंच्या हाताखाली सेविकांचा जो मेळा जमला त्यातून पुढे भगिनींचा संघ उभा राहिला. परंतु १८३१ साली पटकीच्या साथीची भीती पसरली, शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि सरकारी हुकुमाने ते घर बंद झाले. दुसरा कोणी असता तर खचला असता. कोत्तोलेंगो यांनी गावाबाहेरच्या वाल्दोक्को भागात दुसरी जागा शोधली, आणि २७ एप्रिल १८३२ रोजी गाढवाच्या गाडीत एका रोग्यास घालून दोन भगिनींसह ते तेथे गेले. दाराशी त्यांनी पाटी लाविली : ईश्वरी तजविजीचे लहान घर. घोषवाक्य म्हणून पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील वचन घेतले; ख्रिस्ताची प्रीती स्वस्थ बसू देत नाही, असा त्याचा आशय आहे. पुढल्या वर्षी राजा कार्लो आल्बेर्तो यांनी या घरास कायदेशीर मान्यता दिली.

आता आमच्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. या घरी रोगी आले, अनाथ आले, बहिरे-मुके आले, फेफरे येणारे आले. आणि त्यांच्या मागोमाग ज्यांस जग खुळे म्हणून हिणवीत असे, तेही आले. पिएमोंतच्या डोंगराळ खोऱ्यांत अशांची संख्या फार मोठी होती. तेथील माती-पाण्यात आयोडीन नसल्यामुळे आईस गलगंड होई व पोटच्या मुलाची वाढ आणि बुद्धी जन्माआधीच खुंटत असे. हे कारण त्या काळी कोणास नीट ठाऊक नव्हते. त्याच राजाने नेमलेल्या समितीने या व्याधीवरील आपला अहवाल १८४८ साली छापला. आज मिठात आयोडीन घालून ती व्याधी टाळता येते. तेव्हा मात्र अशी मुले गोठ्यात, माळ्यावर अगर भिकाऱ्यांच्या टोळीत दिसत. कोत्तोलेंगो यांनी त्यांस आत घेतले आणि पहिली गोष्ट केली ती ही की, त्यांचे नाव बदलले. त्यांच्या घरात मुलगे हे भले पुत्र व मुली या भल्या कन्या झाल्या. नावाने काय होते, असे कोणी म्हणेल. ज्या घरात एखाद्या माणसास रोज खुळा म्हणून हाक मारतात त्या घरात त्याच्या ताटात काय पडते, याचा शोध वाचकांनी आपल्या शेजारी घ्यावा, म्हणजे नावाने काय होते ते कळेल.

दुसरी गोष्ट घराच्या रचनेची. माणसे शेकडो झाली, तेव्हा त्यांनी मोठ्या बराकी न बांधता घरातील मंडळींची निरनिराळी कुटुंबे पाडली. प्रत्येक कुटुंबास स्वतःचे नाव, स्वतःची जागा आणि स्वतःची माणसे होती. धडधाकट व दुर्बल, व्रतस्थ व प्रापंचिक ही सारी एकाच दिवसाचा भार मिळून उचलीत. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. त्या घरी कोणी केवळ घेणारा नव्हता. प्रत्येकास त्याच्या शक्तीप्रमाणे काम होते. कोणास श्रमाचे, कोणास सेवेचे, कोणास प्रार्थनेचे. भल्या पुत्राच्या हातून झालेल्या कामास तेथे किंमत होती. सेवा करणारा वरचा व सेवा घेणारा खालचा ही पायरी त्यांनी मोडली. कारण गरिबात त्यांस ख्रिस्ताची नुसती प्रतिमा दिसत नसे, तर प्रत्यक्ष ख्रिस्त दिसत असे.

पैशाच्या बाबतीत त्यांची रीत जगावेगळी होती. कायमचे उत्पन्न ते बांधून घेत नसत, शिल्लक ठेवीत नसत, आणि देवाने किती दिले याचा हिशेबही मांडीत नसत. पुष्कळदा सावकार दाराशी येऊन बसत आणि ऐनवेळी कोठून तरी मदत येई. अशा प्रसंगांच्या कथा भाविक जन आवडीने सांगतात. त्या खोट्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या वाचून कोणी निष्काळजी होऊ नये, एवढी सूचना करणे आमचे कर्तव्य आहे. संताचा विश्वास अंगी नसता त्यांची बेहिशेबी मात्र उचलणारी माणसे आपण पाहतो. कोत्तोलेंगो यांचे दार दिवसरात्र उघडे असे. तुरीनचा कोणीही मनुष्य आत जाऊन पाहू शकत असे. ज्या घरी हिशेबही नाही आणि दारही बंद आहे, तेथे ईश्वरी तजविजीचे नाव घेणे हे पाप आहे.

श्रमाने त्यांचे शरीर थकले होते. त्यातच विषमज्वराने गाठले. चिएरी येथे आपल्या भावाच्या घरी ३० एप्रिल १८४२ रोजी त्यांनी देह ठेविला. वय छप्पन्नास तीन दिवस कमी. पुढला कारभार आंग्लेसिओ नावाच्या धर्मगुरूंकडे आला आणि लहान घर मोडले नाही, उलट वाढतच गेले. १९१७ साली पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी त्यांस धन्य म्हणून घोषित केले व १९ मार्च १९३४ रोजी, संत योसेफच्या सणाच्या दिवशी, त्यांचे नाव संतांच्या यादीत आले.

संतचरित्र येथे संपते. आमचे लिहिणे मात्र येथे थांबत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी, आम्ही नव्यानेच दीक्षित असताना, एका चाळीतील एक दांपत्य आमच्याकडे सल्ला मागावयास आले. त्यांचा मुलगा विशीतला, बुद्धीने सहा-सात वर्षांचा. चाळीत तो सर्वांचा होता. वाण्याकडून सामान आणी, गॅलरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यास हाक मारी, आणि आईच्या देखरेखीखाली चहा करी. त्या चहाचा त्यास मोठा अभिमान होता. आईबाप थकत चालले होते. आम्ही गुरुविद्यालयात शिकलेल्या शहाणपणाने त्यांस एक आश्रम सुचविला. तेथे जागा स्वच्छ होती, जेवण वेळेवर होते. सहा महिन्यांनी आम्ही भेटीस गेलो. मुलगा अंगाने सुधारला होता. कपडे धुतलेले होते, ते त्याचे नव्हते. धुलाईच्या ढिगातून ज्यास जे येईल ते त्याने घालावे, अशी तेथील रीत होती. सेवकास त्याचे नाव आठवेना, खाटेचा क्रमांक आठवला. स्वयंपाकघरात जाण्यास मनाई असल्यामुळे चहा करण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही चहाविषयी विचारले, तेव्हा तो आमच्याकडे पाहत राहिला. त्या आश्रमात कोणी त्यास मारीत नव्हते, उपाशी ठेवीत नव्हते. तरीही त्याचे जे होते ते सारे तेथे हळूहळू काढून घेतले गेले होते, आणि तो सल्ला आमचा होता. पुढे आम्ही कोत्तोलेंगो यांचे चरित्र पुन्हा वाचले, तेव्हा ज्या पानांवरून पूर्वी नजर सहज फिरली होती ती पाने आम्हांस टोचू लागली.

येथे एक शंका येईल, ती आम्हांसही आली. शेकडोंस सामावणारे घर चांगले कसे? पुष्कळ माणसे एके ठिकाणी आली की नियम वाढतात व माणूस मागे पडतो. कुटुंबे पाडली तरी हा धोका उरतोच. ही शंका रास्त आहे. बेल्जममधील गेल या गावी याहून जुनी रीत आहे. तेथे संत दिम्फ्ना हिच्या मंदिरास येणाऱ्या मनोरुग्ण व मंदबुद्धी यात्रेकरूंस गावकरी शतकानुशतके आपल्या घरी ठेवून घेत आले. शेतात कामाला नेत, जेवावयास आपल्याच मेजावर बसवीत. आजचे जाणते लोकही लहान घरांकडेच बोट दाखवितात. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात, ज्यास भारताने २००७ साली मान्यता दिली, कोठे व कोणासह राहावे हे ठरविण्याचा हक्क दिव्यांगांस दिला आहे. कोत्तोलेंगो आज असते तर त्यांनी चाळीएवढे घर बांधले असते की चाळीतील दोन खोल्या घेतल्या असत्या, हे आम्ही सांगू शकत नाही. त्यांच्या तीन गोष्टी मात्र दोन्हीकडे सारख्याच लागू आहेत : नाव, कुटुंब आणि काम.

आपल्या शहरातही या कामाचा इतिहास आहे. मानखुर्द येथे चिल्ड्रन्स एड सोसायटीने १९४१ साली अशा मुलांसाठी गृह काढले. १९४४ साली जय वकील या पारशी बाईंनी, डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या कन्येच्या निमित्ताने, जी शाळा सुरू केली ती शिवडीच्या टेकडीवर आज मोठी संस्था होऊन उभी आहे. कायद्याची पावले मात्र सावकाश पडली. १९१२ च्या कायद्याने वेडा व मंदबुद्धी यांस एकाच व्याख्येत कोंबले होते. १९८७ साली ती गाठ सुटली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अठरा वर्षांवरील अशा व्यक्तींस कायदेशीर पालक नेमण्याची सोय जिल्हा पातळीवरील समितीकडे दिली, आणि २०१६ च्या कायद्याने समाजात राहण्याचा हक्क स्पष्ट केला. दुसऱ्या बाजूस, २०११ साली पनवेलजवळच्या एका आश्रमातील मतिमंद मुलींवरील अत्याचार उघडकीस आले व उच्च न्यायालयास राज्यभरच्या अशा गृहांत लक्ष घालावे लागले. बंद दाराविषयी वर जे लिहिले ते उगाच लिहिले नाही.

आता गिरणगावाकडे पाहा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, आणि त्यांच्या मागून चाळीही जात आहेत. चाळीत खोली दहा बाय बाराची, नळ सामाईक, भांडणे नित्याची. परंतु भोळ्या मुलावर चाळीस घरांची नजर असे. टॉवरमध्ये प्रत्येकाच्या घरात नळ आला आणि दार लागले. तो मुलगा आता बाविसाव्या मजल्यावर खिडकीशी बसतो. शिवाय वैद्यकाच्या कृपेने त्याचे आयुष्य वाढले आहे. डाउन सिंड्रोम असलेली मुले शंभर वर्षांपूर्वी बहुधा लहानपणीच दगावत. आज योग्य उपचार मिळाल्यास त्यांतील पुष्कळजण पन्नाशी-साठी गाठतात. म्हणजे ती आईबापांच्या मागे उरतात. आपल्या धर्मग्रामातील घरे आशीर्वादित करीत फिरताना जो एक प्रश्न आम्हांस दाराआड, हळू आवाजात विचारला जातो, तो हाच : आमच्या मागे याचे कोण?

या प्रश्नाचे पुरे उत्तर आमच्याजवळ नाही. एखादे गृह पाहावयास जाल तर काय पाहावे, एवढे मात्र आम्ही त्या चुकीपासून शिकलो आहोत. न कळविता जावे. सेवकास तेथील माणसांची नावे येतात का, ते ऐकावे. प्रत्येकाचे स्वतःचे कपाट व स्वतःचे कपडे आहेत का, हे विचारावे. आज काय घालावे, काय खावे, यात त्याचा शब्द चालतो का? स्नानाच्या वेळी दार लागते का? रात्री कोण जागे असते? सेवक दर दोन महिन्यांनी बदलतात की वर्षानुवर्षे टिकतात? तो बाजारात, मंदिरात, नातलगांकडे जातो का? आणि घरी असताना जे त्यास करता येत होते ते त्यास अजून येते का? हा शेवटचा प्रश्न आम्ही विचारण्यास उशीर केला.

ज्युबिलीच्या निधीतून सभागृहास नवी फरशी बसवावी, अशी सूचना समितीपुढे आहे. जुनी फरशी खरोखर उखडली आहे, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि त्याच निधीतील काही भाग बाजूस काढून, सभागृहालगतच्या दोन खोल्या दिवसा अशा प्रौढ मुलामुलींसाठी उघडाव्या, त्यांत एक लहान स्वयंपाकघर असावे, आणि आपल्या पंधरा-वीस कुटुंबांनी आळीपाळीने तेथे बसावे, अशी आमची विनंती आहे. हे रात्रीचे घर नव्हे. तेथवर आपली शक्ती आज पोहोचत नाही. पण आईबाप हयात असताना ज्यांची तोंडओळख झाली ती माणसे त्यांच्या मागे परकी राहणार नाहीत. कोत्तोलेंगो यांनीही आरंभ भाड्याच्या खोल्यांनी आणि थोड्या खाटांनीच केला होता.

त्यांचा सण ३० एप्रिल रोजी, महाराष्ट्र दिनाच्या आदल्या दिवशी येतो. त्या सायंकाळच्या मिस्सेनंतर ज्यांच्या घरी असे लेकरू आहे त्यांनी, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांनीही, सभागृहात थोडा वेळ थांबावे. लेकरांस बरोबर आणावे. चहाची तजवीज असेल. तो करण्यास त्यांपैकी कोणी पुढे आला तर त्यास अडवू नये.